सिएराच्या तळ्याकाठी पंगत मांडणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

उत्तर कॅलिफोर्नियातली मराठी मंडळं, उन्हाळी कॅम्पिंगच्या ट्रिपा आखणारी उत्साही माणसं आणि त्यांच्याबरोबर जाणारे सगळे,

सप्रेम नमस्कार.

सिएरा नेवाडाच्या डोंगरांतल्या ऑगस्टमधल्या ट्रिपची तयारी आपल्याकडे फेब्रुवारीत सुरू होते. रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग संकेतस्थळावर सहा महिने आधी सकाळी सातच्या ठोक्याला तंबूच्या जागा, म्हणजे साइट, खुल्या होतात आणि तळ्याकाठच्या बघता बघता संपतात. त्यामुळे तीन-चार घरांतून एकाच वेळी लॅपटॉप उघडून बसणं आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. साइट मिळाली की कामं वाटून घ्यायची शीट फिरू लागते. जास्तीचा तंबू कोणाकडे आहे, शेगडी कोण आणणार, शनिवारी सकाळचे पोहे कोणाकडे, रात्रीची मिसळ कोणाकडे, पाव किती, लाडू कोण करून आणणार. एक रकाना मात्र मला आजवर कोणाच्याही शीटमध्ये दिसला नाही: उरलेलं अन्न रात्री कुठे जाणार आणि ते कोण बघणार. त्या एका रकान्यासाठी हे पत्र लिहितेय.

आपल्या कॅम्पिंगचं मला मनापासून कौतुक आहे. शेजारच्या साइटवर दोन माणसं आणि एक कुत्रा असतो. पाकिटातलं सुकं जेवण उकळत्या पाण्यात भिजवून ते खातात आणि नऊला तंबूत शिरतात. आपल्याकडे ग्रुप साइटवर सात-आठ कुटुंबं, भारतातून आलेले कोणाचे तरी आई-बाबा, तीन शेगड्या, दोन कुकर. ज्या मुलांना एरवी मराठीत बोल म्हणून मागे लागावं लागतं, ती इथे पत्ते खेळताना आपणहून मराठीत भांडतात. हे मोडावं असं मला मुळीच वाटत नाही. पण एवढं ताजं, तुपातलं, वासाचं अन्न घेऊन रानात उतरणारे इथे आपल्यासारखे थोडेच आहेत, आणि त्या रानात राहणाऱ्या अस्वलांना ते आपल्याआधी कळलेलं असतं.

आधी एक फरक सांगते, कारण तो आपल्यातल्या पुष्कळांच्या लक्षात येत नाही. योसेमिटी हे नॅशनल पार्क आहे, इंटिरियर खात्याच्या अखत्यारीतलं. एल्डोराडो, स्टॅनिस्लॉस, सिएरा, इन्यो ही नॅशनल फॉरेस्ट आहेत आणि ती शेती खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहेत. ही सर्व्हिस १९०५ साली स्थापन झाली. देशात अशी १५४ नॅशनल फॉरेस्ट आहेत, त्यांतली १८ कॅलिफोर्नियात, आणि या राज्यातलं त्यांचं क्षेत्र साधारण २ कोटी एकर भरतं. इथे लाकूडतोड चालते, गुरं चरतात, शिकारीचे परवाने मिळतात आणि आपल्याला तंबूही ठोकता येतो. योसेमिटीपेक्षा गर्दी कमी, नियम सैल, कुत्र्याला घेऊन पायवाटेवर फिरता येतं, म्हणून तर आपण हल्ली पार्क सोडून फॉरेस्टमधल्या तळ्यांकडे वळलोय. पण याचीच दुसरी बाजू अशी की इथे लक्ष ठेवायला माणूस नसतो. बऱ्याचशा कॅम्पग्राउंडचं रोजचं काम ठेकेदार बघतो आणि होस्ट म्हणून एखादं निवृत्त जोडपं आपल्या आरव्हीत, म्हणजे राहण्याच्या गाडीत, राहत असतं. २०२५ च्या फेब्रुवारीत फॉरेस्ट सर्व्हिसमधून हजारो कर्मचाऱ्यांना काढलं. काही जण नंतर परत आले, पण ताण सरलेला नाही. रात्री अकरा वाजता आपलं अन्नाचं लॉकर नीट लागलंय का, हे पाहायला कोणी येणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात जे पाहिलं ते सांगते. तळ्याचं नाव लिहीत नाही, कारण हे कुठल्याही तळ्यावर झालं असतं. आमच्या शेजारच्या ग्रुप साइटवर आपलाच एक गट होता. प्रेमळ, हसरी माणसं. आम्हाला त्यांनी आग्रहाने चहा पाजला. त्यांच्या साइटवर नेहमीचं लॉकर होतं: जमिनीत बोल्टने पक्कं केलेलं तपकिरी लोखंडी कपाट. त्याच्या कडीवर पत्र्याची झापड असते. झापडीखाली बोटं घालून आतला खटका ओढला तरच दार उघडतं. माणसाच्या बोटांना जमतं, पंज्याला जमत नाही, एवढंच त्याचं तंत्र. पण दार दिवसभर उघडं होतं, कारण मिनिटामिनिटाला कोणाला तरी साखर, कोणाला मीठ, कोणाला पेपर प्लेट हवी होती. बाकावर लाडवांचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, बाकाखाली बर्फाची पेटी म्हणजे कूलर, आणि शेगडीवर डाळ, जी काही केल्या शिजत नव्हती.

दिवेलागणीच्या सुमारास वाळुंजांच्या झुडपांतून अस्वल आलं. धावत नाही, दबकत नाही, रोजच्या वाटेने यावं तसं. मुलं आनंदाने किंचाळली, मोठ्यांनी फोन काढले. त्याने आधी कूलर हुंगला, मग दोन पाय बाकावर टेकून डब्याच्या कडेला नख लावलं आणि झाकण उडवलं. आम्ही पातेली वाजवत, ओरडत पुढे गेलो तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, राहू द्या हो, खाऊ दे बिचाऱ्याला. होस्ट धावत येईपर्यंत अस्वल डबा तोंडात धरून झाडीत शिरलं होतं. सकाळी तो डबा मँझनिटाच्या झुडपात सापडला. कोपऱ्यावर चार दातांची भोकं, आत बेसनाचा कणही नाही. होस्टने विचारलं ते एवढंच, की कानात टॅग होता का. होता. टॅग असणं म्हणजे त्या अस्वलाला माणसांनी आधी एकदा तरी पकडलेलं आहे. त्याच्या नावावर आता आणखी एक नोंद पडली आणि ती पाडणारे आपण होतो.

अस्वल लाडवाकडे का येतं याचा हिशोब सरळ आहे. उन्हाळा सरताना ते थंडीच्या झोपेसाठी चरबी साठवू लागतं आणि त्या काळात दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं. त्याचं रानातलं अन्न म्हणजे गवत, मँझनिटाची फळं, ओकची फळं, कुजक्या ओंडक्यांतल्या मुंग्यांची अंडी. तेवढ्या कॅलरी गोळा करायच्या तर दिवसभर फिरावं लागतं. पन्नास बेसनलाडवांच्या डब्यात आठ-दहा हजार कॅलरी सहज असतात आणि त्या पाच मिनिटांत पोटात जातात. हे एकदा कळलं की अस्वल विसरत नाही. मादी असेल तर पिल्लंही शिकतात. ती जानेवारी-फेब्रुवारीत ढोलीत जन्मतात आणि जवळजवळ दीड वर्ष आईबरोबर हिंडतात. कुठे काय खायचं हे सगळं शिक्षण त्याच काळात होतं. बाकावरचा डबा त्या शिक्षणात एकदा शिरला की पुढच्या पिढीतही उतरतो.

पुढे काय होतं तेही ऐका. पकडून लांब सोडलेलं अस्वल मैलोन्‌मैल चालून परत येतं, किंवा नव्या जागी तेच सुरू करतं. म्हणून हा उपाय वन्यजीव खातं सहसा करत नाही. आधी आवाज करून, रबरी गोळ्या मारून हुसकावतात. त्याने भागलं नाही, अस्वल तंबूत किंवा घरात शिरू लागलं, माणसाला धोका झालं, की त्याला मारतात. टाहो तळ्याकाठच्या साउथ लेक टाहो गावातल्या ‘हँक द टँक’ या अस्वलाची बातमी आठवत असेल. त्या भागात घरं फोडणारं एकच दांडगं अस्वल आहे असं लोक धरून चालले होते. डीएनए तपासल्यावर कळलं की त्यात किमान तीन अस्वलं होती. त्यांतली ६४एफ क्रमांकाची मादी २०२३ च्या ऑगस्टमध्ये पकडली गेली, तेव्हा तिच्यासोबत तीन पिल्लं होती. निदान २१ घरफोड्यांशी तिचा डीएनए जुळला होता. तिची कीर्ती एवढी झाली होती की तिला कोलोरॅडोतल्या अभयारण्यात जागा मिळाली आणि पिल्लांना पुन्हा रानात राहता यावं म्हणून सोनोमा काउंटीत ठेवलं गेलं. ज्या अस्वलाला टोपणनाव मिळत नाही, त्याच्यासाठी अशी जागा शोधायला कोणी बसत नाही.

मी चंद्रपूरची. अस्वल म्हटलं की आमच्याकडे अंगावर काटा येतो, आणि तो उगाच येत नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसाला अस्वलाने फाडल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. ते अस्वल वेगळं. त्याला वाघाच्या रानात जगायचं असतं, म्हणून अचानक समोर आलं की ते आधी हल्ला करतं. इथलं काळं अस्वल बहुधा पळून जाणारं आहे, आणि नाव काळं असलं तरी बरीचशी तपकिरी असतात. राज्याच्या झेंड्यावर आहे ते ग्रिझली, वेगळ्या जातीचं अस्वल. कॅलिफोर्नियातून ते १९२० च्या दशकातच नाहीसं झालं. म्हणून आई-बाबांना घाबरवू नका, पण समजावून मात्र सांगा. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, उभं राहायचं, मुलांना जवळ घ्यायचं, ताट-पातेलं वाजवायचं, त्याला जायला वाट मोकळी ठेवायची. पिल्लू दिसलं तर त्याच्या आणि आईच्या मध्ये जायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच.

लोकांच्या सवयी बदलत नाहीत असं कोणी म्हटलं की मी योसेमिटीचं उदाहरण देते. तिथे १९९८ साली अस्वलांनी गाड्या आणि सामान फोडल्याच्या दीड हजारांहून जास्त घटना झाल्या, नुकसान साडेसहा लाख डॉलरच्या घरात गेलं. अस्वलं गाडीच्या दाराची वरची चौकट पंज्याने वाकवून खाली ओढायची. पुढच्या वर्षापासून केंद्राचा पैसा आला, लॉकर बसली, रात्री गाडीत अन्न ठेवायला बंदी आली, गस्त वाढली, आणि अशा घटना ९० टक्क्यांहून जास्त घटल्या. अस्वलं तीच होती. फॉरेस्टमध्ये तेवढा पैसा नाही आणि गस्तही नाही. पण दार लावायला पैसा लागत नाही.

आता आपल्या स्वयंपाकाकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. त्या गटाची डाळ का शिजत नव्हती? बरीच तळी ७,००० ते ९,००० फुटांवर आहेत. ८,००० फुटांवर पाणी साधारण ९२ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ दोन-दोन तास घेते आणि छोले तर होतच नाहीत. जेवण लांबतं, अंधार पडतो, माणसं दमतात, आणि ‘भांडी सकाळी बघू’ हे वाक्य येतं. अस्वलाची वेळ नेमकी तीच. तेव्हा उसळ, डाळ, छोले घरूनच शिजवून गोठवून आणा. ते कूलरमध्ये बर्फाचंही काम करतात. भात लावायचा तर कुकरशिवाय लावू नका. जेवणं उजेडात संपवा. आपल्याला साडेनऊला जेवायची सवय आहे हे मला माहीत आहे. दोन दिवस सातला जेवा, मग तळ्यावर चांदणं बघायलाही वेळ मिळेल.

जेवण झाल्यावर लॉकरमध्ये काय जायला हवं, ते नीट लिहून ठेवा. फक्त अन्न नाही. रिकामा कूलर, तेलाची बाटली, लोणच्याची बरणी, हिंगाची डबी, कचऱ्याची पिशवी, टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, सासूबाईंची औषधं, बाळाचं दूध, आणि मुलांच्या खिशातल्या गोळ्या. कारसीटच्या फटींतले चिवड्याचे कण घरून निघतानाच झाडून काढा. तंबूत काही म्हणजे काहीही खायचं नाही, बिस्किटसुद्धा नाही. स्वयंपाक करताना ज्या कपड्यांवर फोडणी उडाली ते घालून झोपू नका. लॉकर दिवसाही लावलेलं असलं पाहिजे. साखर हवी असेल तर काढा आणि दार परत लावा, खटका बसल्याचा आवाज ऐका. जिथे लॉकर नाही तिथे त्या फॉरेस्टचा नियम काय आहे तो निघायच्या आधी वाचा, सगळीकडे तो एकसारखा नसतो. टाहोजवळच्या डेसोलेशन वाइल्डरनेस या रानात पाठीवर सामान घेऊन मुक्कामी जाणार असाल तर २०२२ पासून कडक कवचाचा बेअर कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला न उघडणारा अन्नाचा डबा, सक्तीचा आहे. अशा आदेशाच्या भंगाला ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

भांड्यांचं सांगायलाच हवं. तळ्यात भांडी घासू नका, हात-पाय धुवायलाही साबण नेऊ नका, बाटलीवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेलं असलं तरी. तो साबण मातीत मुरल्यावर कुजतो, पाण्यात नाही. सिएरातली ही तळी ग्रॅनाइटच्या खोलगटात साठलेलं बर्फाचं पाणी आहेत. त्यात पोषक द्रव्यं फार कमी, म्हणून तर तळ दिसतो. ताटं आधी पेपर टॉवेलने पुसून घ्या. भांडी तळ्यापासून २०० फूट लांब, म्हणजे सत्तरेक पावलांवर, घासा. धुवण गाळून घ्या आणि गाळ कचऱ्यात टाका. कॅम्पग्राउंडवर सांडपाण्याची सोय असेल तर तीच वापरा. उरलेला भात आणि रस्सा संडासात ओतणं हा प्रकारही मी पाहिलाय. तो संडास म्हणजे बंद टाकी असते, ती पंपाच्या ट्रकने उपसावी लागते, आणि अन्नाच्या वासाने जनावरं तिथवर येतात. नळाखालीही ओतू नका, तिथे मुलं पाणी भरतात.

यापुढचं लिहिताना मला थोडं जड जातंय, कारण ते आपल्या संस्कारांबद्दल आहे. आपल्याकडे जेवायच्या आधी गाईला घास काढतात, गच्चीवर चिमण्यांना दाणे टाकतात, पितृपक्षात कावळ्याची वाट बघतात. दाराशी आलेल्या जिवाला हाकलू नये हे आपण लहानपणापासून शिकलोय, आणि ते खोटं नाही. त्यामुळे आजी-आजोबा खुर्ची टाकून बसतात, खारी पायाशी येतात, आणि शेंगदाणे आपोआप पुढे होतात. नातवंडं टाळ्या पिटतात. त्या आजोबांना नियम वाचून दाखवून काही होणार नाही. त्यांना असं सांगा की इथे त्या जिवाचं भलं करायचं असेल तर हात आवरायचा. खाऊ मिळालेली खार माणसाच्या अंगावर चढायला शिकते, आणि इथल्या चिपमंक (छोट्या पट्टेरी खारी) व भुईखारींच्या पिसवांतून प्लेग पसरतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टाहोच्या दक्षिण काठावर चिपमंकमध्ये प्लेग सापडला, तेव्हा टेलर क्रीकचं पर्यटक केंद्र आणि कीवा बीच काही दिवस बंद ठेवावे लागले. २०२५ मध्ये साउथ लेक टाहोच्या एका रहिवाशाला प्लेग झाला, तोही बहुधा कॅम्पिंगला असताना पिसू चावून. आणि तुरेवाले निळे जे पक्षी आपल्या पोळीच्या तुकड्यांवर वाढतात, ते मग दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांतली अंडी खातात. जिव्हाळा असलेल्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. माझ्या आईला पुरलं.

आणखी एक. अस्वलाने काही नेलंच तर लपवू नका. दंड होईल, मंडळाचं नाव जाईल, या भीतीने लोक सकाळी गुपचूप आवरून निघतात. तुम्ही लगेच सांगितलंत तर होस्ट शेजारच्या साइटना सावध करतो, आणि एखाददुसऱ्या वेळेसच धिटावलेल्या अस्वलाला हुसकावून रानाकडे परत वळवता येतं. पाच गटांनी लपवलं की सहाव्या वेळी हुसकावण्याची वेळ निघून गेलेली असते.

मंडळांच्या कार्यकारिणीकडे माझं मागणं असं आहे. तुमच्या नावाने ट्रिप जाते तेव्हा पैसे भरून घेण्याच्या आधी ही अट लिहून पाठवा: अन्न उघडं ठेवणार नाही, जनावराला खाऊ घालणार नाही, तळ्यात साबण नेणार नाही. प्रत्येक रात्रीसाठी दोन मोठ्या माणसांची नावं शीटमध्ये घाला. जेवणं झाल्यावर साइटभर टॉर्च घेऊन फिरायचं, बाकाखाली, गाड्यांत, तंबूंच्या दाराशी बघायचं आणि लॉकरचा खटका लावूनच झोपायला जायचं, एवढं त्यांचं काम. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना या फेरीत बरोबर घ्या. ती आपल्यापेक्षा कडक असतात, बाबांच्या खिशातलं च्युइंगम तीच शोधून काढतात. पदार्थ ठरवणाऱ्यांनी शनिवारी रात्री मोठा घाट घालू नये. मिसळ हवीच असेल तर दुपारी करा.

पुढच्या मोसमाची बुकिंगं लवकरच सुरू होतील. तुमची शीट तयार झाली की त्यात तो रकाना घाला, आणि तुमच्या ओळखीत जो गट ट्रिप काढतोय त्यालाही घालायला सांगा. तुमच्या मंडळाला हे सगळं मुलांना किंवा आई-बाबांना समोरासमोर समजावून सांगायला माणूस हवा असेल तर मी यायला तयार आहे. मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांवर मी आहेच, तिथे हाक मारा.

आपली,
सॅक्रॅमेंटोत राहणारी एक मराठी कॅम्पर